ढगांखालच्या देवळातलं गाऱ्हाणं

अमेरिकेत आमचं आयुष्य गेलं, पण देवाला भेटायला घाट चढून जायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि तीही चिनी देवासाठी. याला जबाबदार आमचा सुधाकर. सुधाकर म्हणजे माझा नवरा. लग्नाआधी आम्ही मुंबईत एकाच ऑफिसात होतो, त्यामुळे मी त्याला नावानंच हाक मारते. माझ्या सासूबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही, पण त्यांनी ते गोड मानून घेतलं.

सुधाकर सिंधुदुर्गातला, घाड्यांच्या घरातला. घाडी म्हणजे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान असलेलं घराणं. मी नागपूरची. आमच्याकडे देवाची आरती करायची, प्रसाद घ्यायचा आणि घरी जायचं. कोकणात तसं नाही. तिथे देवाला सगळं तोंडी, सविस्तर, न लाजता सांगावं लागतं. घाडी एकेक मागणं मागतो आणि जमलेला गाव प्रत्येक मागण्याला एका सुरात म्हणतो, ‘व्हय म्हाराजा!’ लग्नानंतर पहिल्यांदा मी ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोणाचं तरी भांडण मिटवताहेत. सासरे देवाशी असे बोलत होते, की देवानं आता तरी ऐकायलाच हवं.

फ्रीमाँट

सासऱ्यांच्या मागे हा मान धाकट्या काकांकडे गेला होता. या उन्हाळ्यात काका गेले. त्यांचा मुलगा बाबी मुंबईत नोकरी करून अलीकडेच गावी परतलाय. त्याला गाऱ्हाणं येत नाही. लहानपणी वडिलांच्या बाजूला उभं राहून ते पाठ केलेलं होतं फक्त सुधाकरनं. बाबीचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी ओट्याशी कणीक मळत होते.

“दादा, जत्रा जवळ इली. आता गाऱ्हाणा घालूक कोण उरलो नाय. तुका येता. एकतर रेकॉर्ड करून धाड, नायतर सरळ येवन ऱ्हव.”

‘येवन ऱ्हव’ ऐकलं आणि माझे हात थांबले. येऊन राहा! सुधाकर सांता क्लाराच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून आमच्या घरात हा एकच विषय आहे, आणि तो उघडपणे कोणीच काढत नाही. त्याला गावी जाऊन राहायचंय. मला नाही. आमची मुक्ता हायवेवर दोन एक्झिट पलीकडे राहते, तिची ईशा पहिलीत आहे, आणि दुपारी तिला शाळेतून आणायचं काम माझं. मागच्या सीटवरून ती इंग्रजीत बडबडत असते, मी मराठीत उत्तरं देत असते, आणि आमचं छान जमतं. ते सोडून मी सुपारीच्या बागेत काय करू? हे मी त्याला कधी म्हटलं नाही. त्यानंही कधी विचारलं नाही. संसार टिकवायच्या अशाही तऱ्हा असतात.

म्हणून रेकॉर्डिंगच्या बाजूनं मी अगदी हिरिरीनं उभी राहिले. फोन उभा करून दिला, फ्रीज बंद केला, कारण त्याची घरघर येत होती. सुधाकरनं डोळे मिटले, हात जोडले. बारा वाटांच्या आणि बारा शिवेच्या देवांना बोलावलं, पाऊस मागितला, भात मागितलं, गुराढोरांची काळजी वाहिली, आणि गाडी अडली. पुढे काही येईना. पुन्हा सुरुवात, पुन्हा गुराढोरांपाशी ब्रेक. देव्हाऱ्यासमोर करून बघितलं, गॅरेजमध्ये करून बघितलं. इथल्या मंदिरातही गेलो. पण तिथे पांढराशुभ्र संगमरवर, गालिचा, वर झगझगीत दिवे. सुधाकर म्हणाला, “हय देव दिसता, पण ऐकता की नाय, काय कळत नाय.” वैतागला की तो मालवणीवर येतो.

मुक्तानंच मग उपाय काढला. “बाबा, तुम्हाला डार्क, जुनं, लाकडाचं देऊळ पाहिजे ना? मग नॉर्थला जा. माउंटन्समध्ये एक आहे. चायनीज मायनर्सनी बांधलेलं, ताओ लोकांचं.” तिनं फोनवर फोटो दाखवला. लाल-सोनेरी कोरीवकाम, काळोख आणि त्यात मिणमिणणारं काहीतरी. सुधाकरनं फोटो मोठा केला, लहान केला, आणि म्हणाला, “ह्या आमच्या देवळासारख्या दिसता.” कुठे कोकणातलं कौलारू देऊळ, कुठे हे! पण त्याच्या आवाजात किती दिवसांनी उत्साह होता, म्हणून मी थालीपीठं भाजायला घेतली.

व्हिस्कीटाउन

रेडिंगपर्यंतचा रस्ता सांगण्यासारखा नाही. सरळ आहे आणि दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा आहेत, एवढं पुरे. रेडिंगला मुक्काम करून सकाळी पश्चिमेकडे वळलो, आणि लगेच घाट सुरू झाला. नावच व्हिस्कीटाउन असलेल्या तळ्याच्या काठी आम्ही थालीपीठांचा डबा उघडला. निळंशार पाणी, त्यामागे डोंगर, आणि डोंगरांवर जळून उभे राहिलेले काळे बुंधे. मागे कधीतरी इथे मोठा वणवा लागून गेलेला. बुंध्यांच्या पायाशी मात्र हिरवी झुडपं दाटीवाटीनं उगवलेली. सुधाकर थालीपीठ तोंडात धरून ते बघत बसला.

“गावी काजूची बाग जळली होती एकदा,” तो म्हणाला. “बाबा म्हणाले, मुळं शाबूत आहेत, बघू.”

“मग?”

“मग मी कॉलेजला मुंबईला गेलो. काय झालं ते बघितलंच नाही.”

पुढे वळणं अशी, की आंबोली घाट सरळ वाटावा. माझ्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत नारळ. हो, नारळ! देवाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून सुधाकरनं इंडियन ग्रोसरीतून शेंडी असलेला नारळ हुडकून आणला होता. प्रत्येक वळणावर तो माझ्या पोटावर आपटत होता. मी म्हटलं, “देवाला पोचेपर्यंत हा माझ्यावरच फुटणार.” सुधाकर हसला. आम्ही दोघं नुकतं लग्न झालेलं असताना एसटीनं गावी जात होतो, तेव्हाही माझ्या मांडीवर त्याच्या आईसाठी नेलेला संत्र्यांचा करंडा होता, आणि त्यातलं निम्मं वाटेत घरंगळलं होतं. त्याला ते आठवलं असणार, कारण त्यानं मी न सांगता गाडी हळू केली.

वीव्हरव्हिल

गाव अगदी एवढंसं. एक मोठा रस्ता, दोन्हीकडे जुन्या विटांच्या इमारती, आणि काहींना रस्त्यावरूनच वर जाणारे लोखंडी गोल जिने. एके काळी इथे सोन्यासाठी माणसांची झुंबड होती म्हणे. आता कॉफीचं दुकान आहे आणि लोक एकमेकांना हात करतात. तिथे सुधाकरनं ट्राउट मासा मागवला, काट्यानं उलटापालटा करून बघितला आणि निकाल दिला, “गोड्या पाण्यातलो. चवीक उपाशी.” तरी सगळा खाल्ला.

देऊळ रस्त्यापासून थोडं आत, झाडीत आहे. एका ओढ्यावरचा लहानसा लाकडी पूल ओलांडायचा, की ते समोर येतं. त्याचं नाव फार सुंदर आहे : ढगांखालच्या रानातलं देऊळ. त्या दिवशी खरोखरच डोंगरावरून ढग खाली उतरले होते.

पहिल्यांदा मला वाटलं, भिंत निळ्या विटांची आहे. जवळ गेले तर लाकूड! लाकडी फळ्यांना निळा रंग देऊन त्यावर पांढऱ्या रेघांनी एकेक वीट काढलेली. वरच्या टोकाला डौलदार वळलेलं छप्पर, आणि त्यावर मासे. गाईड म्हणून एक तरुण मुलगी होती, डोक्याला रेंजरची टोपी. ती म्हणाली, आधीची देवळं आगीत गेली, हे एकोणिसाव्या शतकातलं. आग लागू नये म्हणून पाण्यातले मासे छपरावर बसवलेत. आणि विटा? “त्यांच्या गावाकडची देवळं विटांची होती,” ती म्हणाली. “इथे लाकूडच मिळायचं. म्हणून त्यांनी विटा पेंट केल्या.”

सुधाकर त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा होता. इतकी वर्षं कॅलिफोर्नियात राहिलेल्या माणसानं बाल्कनीत कुंडीतली तुळस लावावी, तिच्यासाठी सिमेंटचं वृंदावन करावं आणि ते मातीचं नाही हे कळू नये म्हणून गेरू फासावा, हे त्यानं स्वतः केलेलं आहे. मला हसू आलं.

दारात आम्ही चपला काढल्या. मुलगी म्हणाली, “यू डोंट हॅव टू, फ्लोअर जुना आहे, पायात लाकडाचं कुसळ जाईल.” आम्ही ऐकलं नाही. देवळात चपला घालून जायचं म्हणजे काय! मग तिची नजर नारळावर गेली. “इज दॅट लंच?”

“नो, नो, फॉर गॉड,” सुधाकर घाईघाईनं म्हणाला. “आय विल नॉट ब्रेक इट.”

तिला हे आश्वासन ऐकून धास्तीच वाटली असावी. पण बिचारीनं विचार केला आणि सांगितलं, फळं ठेवायला परवानगी आहे, हेही फळच. फक्त काही पेटवायचं नाही. आत सगळं लाकूड आहे.

उंबरा चांगला उंच होता, आणि तो ओलांडल्याबरोबर समोर आडवी दोन उंच दारं. वाईट आत्मे सरळच चालतात, त्यांना उंबरा चढता येत नाही आणि आडदार वळसा घालून ओलांडता येत नाही, अशी समजूत. मी सुधाकरच्या कानाशी म्हटलं, “तुझे काका चुलते भांडायला यायचे, तेव्हा अशी दारं हवी होती.” उंबऱ्यावर पाय न ठेवता आम्ही दोघंही आत गेलो, ती मुलगी बघतच राहिली. तिला रोज सगळ्यांना सांगावं लागतं, पाय देऊ नका म्हणून. आम्हाला कशाला सांगायला हवं!

आत काळोख. डोळे सरावायला वेळ लागला. मग हळूहळू लाल आणि सोनेरी दिसू लागलं. लाकडात कोरलेले छोटे महालच जणू, एकावर एक नक्षी, फुलं, माणसं, घोडे, आणि त्यांच्या आत बसलेले देव, लांब दाढ्यांचे, शांत. मुलीनं नावं सांगितली, ती मला लक्षात राहिली नाहीत. समोर टेबलावर मेणबत्त्यांचे स्टँड, राखेची भांडी, वर जुन्या रेशमी पताका. वर्षानुवर्षांच्या धूपाचा वास लाकडात मुरलेला. सुधाकरनं नाकानं श्वास ओढला आणि मान हलवली. हाच तो वास असं त्याला वाटलं असणार. बाजूला पुजाऱ्याची राहायची खोली आहे, तिथे फळ्यांचे पलंग आहेत. एका बाजेएवढी जागा आणि बाहेर परका डोंगर.

आमच्याआधी एक चिनी आजोबा येऊन बसले होते, ऐंशीच्या आसपासचे, सॅक्रामेंटोहून एकटेच गाडी चालवत आलेले. त्यांनी संत्री ठेवली, वाकून नमस्कार केले, आणि खिशातून लाकडाचे दोन तुकडे काढले, चंद्रकोरीसारखे, एका बाजूनं सपाट, दुसरीकडून फुगीर. ते जमिनीवर टाकले. एक सपाट पडला, एक उलटा. आजोबांनी समाधानानं ते उचलून खिशात घातले.

“कौल!” सुधाकर मोठ्यानं म्हणाला. त्याच्या गावी देवाच्या अंगावर भिजवलेले तांदूळ नाहीतर कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावतात, आणि उजवं पडतं की डावं, त्यावरून देवाचं उत्तर कळतं. त्यानं आजोबांना हे हातवारे करून सांगितलं. आजोबांना ते लगेच समजलं. नारळ कुठे ठेवायचा, हे त्यांनीच दाखवलं. सुधाकरनं तो संत्र्यांच्या शेजारी ठेवला, शेंडी देवाकडे करून.

“काय विचारलंत?” मी आजोबांना विचारलं. माझी नागपुरी जीभ!

“ते सांगत नसतात,” ते हसून म्हणाले. मग आपण होऊन बोलू लागले. त्यांचे पणजोबा इथेच ओढ्यातली वाळू चाळायचे. इथेच वारले. काही वर्षांनी हाडं उकरून काढली, धुतली, पेटीत भरली आणि जहाजानं गावी पाठवली. त्या काळी तशी रीत होती. परमुलखातल्या मातीत कायमचं राहायचं नाही.

“सगळ्यांची पाठवायचे?” सुधाकरनं विचारलं.

“ज्यांना पाठवणारं कोणी होतं, त्यांची.”

आजोबा काठी टेकत बाहेर गेले. मुलगीही “टेक युअर टाइम, लोक इथे अजूनही प्रेअर करतात,” असं म्हणून त्यांच्या मागे गेली. आम्ही दोघंच राहिलो. फोन गाडीतच राहिला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी म्हटलं, “थांब, घेऊन येते.”

“नको,” तो म्हणाला. “रवूदे. तू हयच उभी ऱ्हव. आणि मागसून म्हण.”

“मी?”

“मग कोण म्हणतलो? गाव हय खय आसा?”

त्याच्या गावी बायका गाऱ्हाण्यात मागे उभ्या असतात, होकार पुरुष देतात. मी तर तिकडची सूनही बाहेरची, नागपूरकडची. पण त्यानं हात जोडले होते. आणि त्याचा आवाज आला, तो त्याचा नव्हता, सासऱ्यांचा होता. खालून, पोटातून.

“बा देवा म्हाराजा! बारा वाटेच्या, बारा शिवेच्या, ह्या ठिकाणच्या आणि त्या ठिकाणच्या म्हाराजा! आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे उभी आसत...”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. आधी पुटपुटलेच.

“पाऊसपाणी वेळार दी, शेताभाताक बरकत दी, रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!” या वेळी जरा खणखणीत. लाकडानं आवाज धरून ठेवला.

“गुराढोरांका रोगराईपासून सांभाळ, रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

मी श्वास रोखला. इथेच तो अडतो. पण तो थांबला तो आठवण्यासाठी नव्हे. तो किंचित माझ्याकडे वळला आणि पुन्हा देवाकडे.

“आणि जी लेकरा पोटापाण्यासाठी दर्यापार गेली आसत, तेंका जंय आसत थंय सांभाळ, आणि दिस बुडाच्या आदी घराक हाड, रे म्हाराजा.”

दिवस मावळायच्या आत घरी आण. दरवर्षी कार्तिकात, आम्ही फ्रीमाँटला गादीवर झोपलेलो असताना, सगळा गाव हे आमच्यासाठी मागत होता आणि ‘व्हय’ म्हणत होता. आणि आता गाव नव्हता, मी होते.

तो वाट बघत होता. पाठ ताठ, हात जोडलेले, मान खाली. मला ईशाचं दप्तर दिसलं, मागच्या सीटवर फेकलेलं. मला भयंकर रडू आलं, रागही आला. हा माणूस मला असा देवासमोर उभं करून विचारतोय! पण विचारत तर होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारत होता, आणि मी ‘नाही’ म्हटलं असतं तर तो निमूट चपला घालून गाडीत बसला असता, हेही मला माहीत होतं. हाडं पाठवायला कोणी असेल की नाही, याचा हिशेब करत बसण्यापेक्षा चालत्या पायांनी गेलेलं बरं.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

त्याचे खांदे खाली आले. पुढचं त्यानं एका दमात म्हटलं : चुकलंमाकलं माफ कर, वाकडी नजर सरळ कर, या देवळात जे परमुलखातून आले आणि इथेच राहिले त्यांनाही तुझ्या पदरात घे. शेवटचं त्याच्या वडिलांचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. मी प्रत्येकाला होकार दिला.

पुलावर आल्यावर मी त्याला विचारलं, “आता कसं आठवलं?”

“विसरलो नव्हतोच मी,” तो पाण्याकडे बघत म्हणाला. तो पुन्हा शुद्ध मराठीवर आला होता. “तुझ्यासमोर म्हणायचा धीर होत नव्हता, सुनंदा. होकाराशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. आणि घरी माझ्या पुढ्यात तू कणीक मळत उभी.”

गाडीत बसून त्यानं बाबीला फोन लावला. तिकडे पहाट होती, कोंबडा आरवत होता. “केलंस काय रेकॉर्ड?” बाबीनं विचारलं.

“नाय. येवन सांगतंय.”

“एकटोच?”

सुधाकरनं फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, “दोघं येतोय, भाऊजी. आणि मला रोज भात चालणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.”

बाबी इतक्या मोठ्यानं हसला, की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग त्यानं विचारलं, “आणि परतीचा तिकीट कधीचा, वैनी?”

“ते अजून ठरलं नाही,” मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

सुधाकरनं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. काचेवर ढग उतरले होते. थोड्या वेळानं तो म्हणाला, “ईशाला मी सांगतो. तुला जड जाईल.”

“नको,” मी म्हटलं. “देवाला हो मी म्हटलंय. तिलाही मीच सांगेन.”